भांगाचे दिवस

वेसाव्याच्या कोळीवाड्यात मथुरेला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही, आणि तिच्याशी घासाघीस करून जिंकलेला तर त्याहून नाही. चाळीस वर्षं चार बंगल्याच्या बाजारात मासळीची पाटी मांडून बसलेली बाई ती. समोर मोठा साहेब उभा असो की सिरियलमधला हिरो, तिच्या तोंडी सगळ्यांना 'तू'. नवऱ्यालाही 'तू'च. 'तुम्ही' फक्त भडकली की. तिच्या घरातून 'तुम्ही जरा इकडं या' असं ऐकू आलं की गल्लीतले लोक ओळखायचे, रामचंद्राचं आज काही खरं नाही.

हा रामचंद्र एकेकाळचा नामांकित नाखवा. आता सत्तरी उलटलेली, होडी पुतण्याच्या, अल्पेशच्या ताब्यात, आणि स्वतः ओटीवर बसून जाळी दुरुस्त करायची. चार वर्षांपूर्वी बंदरावर बर्फाच्या लादीवरून पाय सटकला आणि उजवी नडगी मोडली. डॉक्टरांनी आत स्टीलची पट्टी बसवली, हाड छान जुळलं, म्हातारा चालायलाही लागला. आणि मग एक दिवस नडगीवर वाटाण्याएवढं तोंड पडलं आणि पू वाहायला लागला. गोळ्या घेतल्या, बंद झालं. गोळ्या संपल्या, पुन्हा सुरू. असं किती वेळा झालं याची मोजदाद मथुरेनेही सोडून दिली होती, आणि ती काही सहजासहजी मोजदाद सोडणारी बाई नव्हे.

शेवटी शुभा डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. पट्टी काढायची, खालचं हाड खरवडून साफ करायचं. वेळेत केलं तर पाय राहील. हाड पोखरलं गेलं तर मग गुडघ्याखालून कापायची पाळी येईल. रामचंद्र ऐकेना. "पट्टीवर तर पाय उभा हाय. ती काढली तर मी कशावर उभा राहू?" एवढं एकच वाक्य धरून बसला. डॉक्टरांनी चार महिने दोन जातींच्या गोळ्या दिल्या, त्यातली एक लालभडक, आणि म्हणाल्या की तोवर मनाची तयारी करा. जाता जाता हेही म्हणाल्या, "लघवी लाल होईल, घाबरू नका."

मथुरा घाबरली नाही. पण लाल म्हणजे रोग बाहेर पडतोय, अशी तिची समजूत झाली. रामचंद्राला संडासापर्यंत जाणं जड जायचं म्हणून खाटेखाली भांडं ठेवलेलं असे, आणि ते सकाळी तीच रिकामं करी. बहुतेक दिवस नारिंगी. पण मधूनच तीन-चार दिवस असे यायचे की पाणी स्वच्छ, म्हाताऱ्याचा चेहरा टवटवीत, पाय शांत, आणि जेवण असं की ताटात काही उरायचं नाही. असा दिवस आला की मथुरा देव्हाऱ्यातल्या करंड्यातलं कुंकू बोटावर घेई आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला ठिपका देई. चार-पाच दिवसांनी पाय पुन्हा वाहायला लागायचा ते वेगळं. पण ठिपके होते, आणि बाई त्यावर जगत होती.

नातीचं नाव पूर्वी, त्यांच्या मुलीची मुलगी. राहायला कांदिवलीला, आणि नोकरी आबाचं, म्हणजे रामचंद्राचं, औषधपाणी चालू होतं त्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. रुग्णांच्या जखमेतले जंतू काचेच्या बशीत वाढवायचे आणि कुठलं औषध त्यांना मारतं ते बघायचं, हे तिचं काम. आबाच्या पायातला पूही तिने तीनदा बशीत घातला होता. तिन्ही वेळा तेच जंतू, आणि तिन्ही वेळा रिपोर्ट असा की औषध लागू पडतंय.

"तुझ्या बशीत मरतात आणि माझ्या नवऱ्याच्या पायात जगतात," मथुरा त्या रविवारी कोलंबी सोलता सोलता म्हणाली. "मग असं कर, बशीच पाठव त्याच्या पायात."

"आजी, मी पण त्यावरच डोकं लावतेय. जंतू औषध पचवायला शिकले असते तर बशीत दिसलं असतं. ते तर पटापट मरतात." पूर्वी चहाचा कप घेऊन कॅलेंडरपाशी गेली. "हे ठिपके कसले गं?"

"ते आबाचे बरे दिवस." मथुरेचा आवाज एकदम मऊ झाला. "बघ ना, दर महिन्यात येतात. लघवी कशी नितळ. जेवतो पण व्यवस्थित."

"नितळ म्हणजे? लाल नाही?"

"लाल कशाला? बरा असतो ना त्या दिवशी."

पूर्वीने कप खाली ठेवला. कॅलेंडरचं पान उलटलं, मागचं उलटलं, त्याच्या मागचं उलटलं. ठिपके विखुरलेले नव्हतेच मुळी. महिन्यातून दोन घोळके, दोन्ही पंधरवड्यांत एकाच ठिकाणी. नवमी, दशमी, एकादशी.

"आजी, लाल गोळी पोटात असली तर लघवी लाल होणारच. लाल नाही, म्हणजे गोळी पोटात गेलेली नाही."

मथुरेच्या हातातली कोलंबी हातातच राहिली. आपण इतके महिने कुंकू कशाला लावत होतो ते तिला आत्ता कळलं. पण तिथींचं कोडं पूर्वीला पडलं तसं तिला पडलं नाही. कोळणीच्या जातीला ते आकाशातून वाचता येतं.

पुनवेला आणि अवसेला समुद्राला उधाण असतं, पाणी नुसतं धावतं. मधल्या अष्टमीपासून एकादशीपर्यंत ते आळसावतं. त्या दिवसांना कोळी भांग म्हणतात. वेसाव्याची डोल म्हणजे पिशवीसारखं लांबलचक जाळं; ते मासळीच्या मागे धावत नाही. एका जागी बांधून, तोंड उघडं ठेवून बसायचं, धावत्या पाण्याबरोबर मासळी आपणहून आत येते. भांगात पाणी धावत नाही, मासळी हलत नाही, आणि जाळं रिकामं निघतं. मग होड्या किनाऱ्यावर, आणि मथुरेसारख्या बाया अर्धी पाटी विकून अकरालाच घरी.

"तुम्ही जरा इकडं या," मथुरेने ओटीकडे तोंड करून हाक दिली.

रामचंद्र काठी टेकत आत आला. प्रकरण काय ते त्याला कॅलेंडरपाशी उभी असलेली नात बघूनच कळलं. पण गडी जराही ओशाळला नाही. जाळं विणायच्या सुयांचा पत्र्याचा डबा त्याने स्वतःच आणून ओट्यावर ठेवला. सुयांच्या खाली लाल गोळ्या, नीट कागदात गुंडाळलेल्या.

"टाकल्या नाय मी," तो म्हणाला. "ठेवल्यात."

"पण का, आबा?"

"भांगात जाळं टाकतं का कोणी? त्या दिवसांत पाय थंड असतो. वाहत नाय, ठणकत नाय. जंतू सुस्त पडलेले. मग गोळी टाकून पकडायचं कोणाला? पाणी धावायला लागलं की घेतो मी बरोबर."

"हे तुला कोणी शिकवलं?" पूर्वीने विचारलं.

त्याने हनुवटीने मथुरेकडे दाखवलं. "हिनंच. दिवाळीच्या आधी मना ॲसिडिटी झाली होती तवा म्हणाली, एवढ्या गोळ्या गिळून काय मिळतंय, भांगात डोल टाकल्यासारखं चाललंय तुझं."

मथुरेला ते आठवलं. भाजी चिरताना वैतागून म्हटलेलं एक वाक्य. हा माणूस सांगितलेल्या शंभर गोष्टींतली एक ऐकत नाही, आणि नेमकी हीच बरी ऐकली.

पूर्वी मात्र हसत होती, आणि डोळेही पुसत होती. "आबा, जंतू सुस्त पडतात हे तुला कसं कळलं? आम्हाला ते कॉलेजात दोन वर्षं शिकवलं."

"त्यात कळायचं काय? सगळंच कवा ना कवा सुस्त पडतं."

"तू अर्धा बरोबर आहेस. खरंच." तिने त्याला पाटावर बसवलं आणि स्वतः समोर मांडी घातली. "जंतू खात असतो, वाढत असतो, तेव्हाच ही औषधं त्याच्या कामात खोडा घालतात आणि तो मरतो. जो काहीच करत नाही, नुसता निपचित पडलाय, त्याच्या कशात खोडा घालणार? माझ्या बशीत मी त्यांना भरपूर खायला घालते. सगळे जागे, म्हणून सगळे मरतात. तुझ्या पायात त्यातले काही झोपून राहतात. औषध वरून निघून जातं आणि ते नंतर उठतात."

"मग? मी तेच म्हणतोय."

"पण समुद्राचा भांग पंचांगात लिहिलेला असतो, आबा. जंतूंना पंचांग नाही. हा आज उठेल, तो परवा, तिसरा तीन आठवड्यांनी. तुझा पाय थंड असला तरी कोणी ना कोणी उठतंच असतं. जो ज्या दिवशी उठेल त्या दिवशी जाळं पाण्यात हवं. तू जाळं काढून ओटीवर वाळत घातलंस, आणि तेवढ्यात उठलेल्यांनी आत पोरंबाळं करून ठेवली. वर तुटक तुटक औषध खाऊन ते त्याला कधी सरावतील सांगता येत नाही."

रामचंद्राने काठी मांडीवर आडवी घेतली. हा मुद्दा त्याच्या धंद्यातला होता आणि नातीने तो त्याच्यावरच उलटवला होता.

"आता मला एक सांग," पूर्वी म्हणाली. "भांगात मासळी जाते कुठे?"

"जाते कुठं? खडकाच्या कपारीत. आडोसा मिळंल तिथं पडून राहते."

"तुझ्या पायात खडक कुठला आहे?"

म्हाताऱ्याने आपल्या नडगीकडे पाहिलं. "ती पट्टी," तो शेवटी म्हणाला.

"तीच. हाडात रक्त फिरतं, पट्टीत फिरत नाही. जंतू तिच्यावर चिकट थर करून त्याखाली राहतात, तिथे औषध धड पोचत नाही. हाड तर तुझं केव्हाच जुळलंय. तू हाडावर उभा आहेस, पट्टीवर नाही. पट्टीवर जंतू उभे आहेत."

"म्हंजे खडकच काढायचा."

"डॉक्टर हेच चार महिने सांगतायत," मथुरा म्हणाली. मग तिने बोट जिभेला लावून कॅलेंडरवरचा एक ठिपका पुसायला घेतला. तो पुसला जाईना, नुसता पसरला. पूर्वीने तिचा हात धरला. "आजी, त्याने एकही गोळी चुकवली नसती तरी पट्टीवरचे सगळे मेले नसते. ऑपरेशन लागलंच असतं." हे खरं होतं, आणि पोरीने ते फक्त समजूत घालायला म्हटलेलं नव्हतं. तरी चार महिने वाया गेले होते, आणि त्या चार महिन्यांत हाडाचं काय झालं ते कोणालाच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिघं शुभा डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर चांगल्या, हाताला गुण असलेल्या, पण साताऱ्याकडच्या. त्यांनी विचारलं, "आजोबा, गोळ्या नेमक्या कधी चुकतात?"

"भांग असंल तवा," रामचंद्राने प्रामाणिकपणे सांगितलं.

डॉक्टरांनी पेन थांबवलं. चष्म्यावरून बघितलं. "किती वर्षांपासून आहे ही सवय?"

"सवय कसली? बापजाद्यापासून चालत आलंय. महिन्यातून दोनदा, चार-चार दिवस."

डॉक्टरांनी केसपेपरवर काहीतरी लिहिलं आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना कळवायला हवं असं पुटपुटल्या. पूर्वीला ठसकाच लागला. तिने सगळं उलगडून सांगितलं तेव्हा डॉक्टरांनी लिहिलेलं खोडलं, हसल्या, आणि मग एक्स-रे काचेवर लावल्यावर त्यांचं हसू गेलं. पट्टीच्या खालच्या टोकाला हाडात काळसर पोकळी दिसत होती. "उघडल्याशिवाय सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "चांगलं हाड पुरेसं असेल तर पाय वाचेल. नसेल तर तिथल्या तिथे निर्णय घ्यावा लागेल. त्याला तुमची संमती हवी."

संमतीच्या कागदावर रामचंद्राने सही केली. खाली नातेवाइकाची सही हवी होती. मथुरेने नाव लिहिलं, 'म' आणि 'थु' नीट आलं, आणि 'रा' रेघेखाली उतरला. पायाचा सौदा करायला बसवलं होतं तिला, आणि इथे घासाघीस चालणार नव्हती.

ऑपरेशन गुरुवारी सकाळी. वॉर्डबॉय स्ट्रेचर आणायला गेला होता, पूर्वी कागद घेऊन खाली गेली होती. हिरव्या गाऊनमध्ये नाखवा एकदम लहान दिसत होता.

"मथुरे, एक सांगायचं राहिलंय," तो म्हणाला. "ते डोलीचं, जंतू सुस्त पडायचं, ते सगळं खरंच हाय. पण तेवढंच नाय."

"आता काय अजून?"

"त्या गोळ्यांनी तोंडाची चव जाते. कायपण खाल्लं तरी पितळ चाटल्यासारखं. उधाणात तू पहाटे करून झाकून जातेस, ते गार खायचं, कसंपण लागलं तरी चालतंय मना. पण भांगात तू घरी असतेस. गरम गरम कालवण करतेस, समोर बसून वाढतेस, आन विचारतेस कसं झालंय." तो छताकडे बघत बोलत होता. "तेवढे चार दिवस चव पाहिजे होती."

मथुरेला खरंच वाटेना. एवढ्यासाठी? पायावर बेतलं ते एवढ्या कालवणासाठी? तिला त्याला बदडावंसं वाटलं आणि त्याच्या गळ्यात पडावंसंही वाटलं, आणि हॉस्पिटलात दोन्ही करता येईना. तो त्या दिवसांत ताट चाटूनपुसून खायचा तेव्हा आपण किती खूश व्हायचो, हेही तिला आठवलं.

"तुम्ही," ती म्हणाली, "तुम्ही आधी पाय घेऊन बाहेर या. मग बघते तुमच्याकडं."

"येतो," तो म्हणाला, आणि त्याला आत नेलं.

अडीच तास ती बाकावर बसून होती. पूर्वी मध्ये चहा घेऊन आली, तो तसाच निवला. मथुरा कुठल्या देवाला काय बोलली ते तिचं तिला ठाऊक, पण तिने त्याला नारळाबिरळाचं आमिष दाखवलं नाही, सरळ दम भरला असणार. शुभा डॉक्टर बाहेर आल्या, टोपी काढली आणि म्हणाल्या, "पाय राहिला. सडलेलं सगळं खरवडून काढलंय. उरलेलं हाड ठणठणीत आहे."

मथुरेने मान हलवली आणि मग तिथेच, भर कॉरिडॉरमध्ये, पदर तोंडाला लावून हमसून हमसून रडली. नर्सने पूर्वीच्या हातात एक झाकणाची बाटली दिली, लॅबसाठी. आत ती पट्टी होती. मथुरेने डोळे पुसून बाटली उजेडाकडे धरली. स्टीलची चमक होती, पण कडेला एक पातळ, गढूळ थर होता. शिळ्या मासळीच्या अंगावर बुळबुळ चढते तसा.

"एवढ्याशा आडोशाला चार वर्षं राहिले होय," ती म्हणाली. "नीट बघ यांच्याकडं, बाय. सगळे मरा म्हणावं."

"आत्ता बशीत जे उठतील ते मरतील," पूर्वी म्हणाली. "आजी, आबाच्या पायात अजून एखादा झोपलेला असू शकतो. म्हणून तीन महिने गोळ्या, एकही दिवस चुकवायचा नाही. आणि नंतर दोन वर्षं लक्ष ठेवायचं. तोवर बरं झालं असं म्हणायचं नाही."

"नाय म्हणणार," मथुरा म्हणाली.

रामचंद्राला भुलीतून जाग आली तेव्हा त्याने डोळे उघडायच्या आधी विचारलं, "हाय का?" मथुरेने चादर वर केली आणि त्याच्या उजव्या पायाचा अंगठा जोरात दाबला. तो कळवळला. "तूच बघ," ती म्हणाली. 'तू' ऐकल्यावर त्याने डोळे उघडलेच नाहीत, पुन्हा झोपून गेला.

घरी आल्यावर पहिली अष्टमी लागली ती शनिवारी. होड्या किनाऱ्याला लागलेल्या, बाजारात मासळी थोडी. मथुरा अकराला घरी आली, चार ताजे बोंबील तिने घरासाठी मागे ठेवले होते. आलं-लसूण वाटलं, चिंच कोळली, कालवण रटरटलं तसा वास ओटीवर गेला. तिने पाट मांडला. ताटाशेजारी पाण्याचा गडू आणि वाटीत लाल गोळी.

रामचंद्र काठी टेकत आला, बसला. गोळीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. ही गोळी रिकाम्या पोटी घ्यायची असते हे दोघांनाही माहीत होतं, आणि तो सकाळी सहालाच ती घेऊन मोकळा झाला होता. "ही उद्याची," ती म्हणाली. "नजरेसमोर असलेली बरी." त्याने ताट जवळ ओढलं. भात कालवला, पहिला घास घेतला, चावला, गिळला.

"कसं झालंय?" तिने विचारलं.

तो आयुष्यात कधी तिच्याशी खोटं बोलला नव्हता, गोळ्या लपवल्या तेवढं सोडून. "पितळ," तो म्हणाला. आणि ताट पुढे केलं. "अजून वाढ."

तिने वाढलं. त्याने सगळं खाल्लं, बोंबलाचा काटासुद्धा चोखून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी भांडं रिकामं करताना मथुरेने बघितलं, पाणी लालभडक होतं. तिने हात धुतले, देव्हाऱ्यातल्या करंड्यातलं कुंकू बोटावर घेतलं, आणि कॅलेंडरवरच्या नवमीला ठिपका दिला.